रेघांवरचे ठिपके

भंडारा,
ता. ११ डिसेंबर १९८८

चि. रुखमा हिला सप्रेम आशीर्वाद.

तुमच्या आसगावला धान चुरून मळणी झाली असेल. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? इकडे थंडी बरीच आहे. वर्गात चहा करणारी कलाबाई अजूनही शनिवारच्या चहात आलं जास्तच घालते आणि विचारते, "बाई, रुखमा कवा येऊन राहिली जी?" मी सांगते, घरी काम असेल.

आपला शनिवारचा वर्ग चालू आहे. नव्या चार बायका आल्या. त्यांना मी तेच सांगते, जे तुला सांगितलं होतं: आलेखाच्या कागदावर अक्षर काढायचं, सोळा घरं आडवी, सोळा उभी, जे घर काळं भराल तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक ठिपका. नागपूरचे मधुकरराव ते यंत्रात भरतात. ही अक्षरं भरलेली फ्लॉपी मागेल त्याला फुकट, आणि ज्याला खोट दिसेल त्यानं ती सुधारून पुढे द्यायची. नवीन माणसाला आधी सोपा 'र'. कागदाखाली ज्याचं त्याचं नाव.

तू पहिल्या दिवशी सगळे ठिपके रेघा जिथे मिळतात तिथे दिले होतेस, रांगोळीसारखे. मी घर भरायला सांगितलं तर म्हणालीस, "घराच्या मधात कोणी ठिपका देते का जी?" सगळ्या हसल्या. मग तुझ्या शेजारी बसून मी 'र' करून घेतला. त्या दिवशी तू फार आवडलीस मला. तेव्हा तुला काही येत नव्हतं.

रुखमा, मागच्या वर्षी मधुकररावांचं एक पत्र आलं होतं. ते मी तुला दाखवलं नाही. त्यात होतं: "रुखमाबाईंचा 'क्ष' पडद्यावर आला तेव्हा आम्ही सगळे खुर्च्या सोडून जवळ गेलो. पुढची जोडाक्षरं त्यांच्याकडूनच तपासून घ्याल का?" माझी अठरा अक्षरं त्या पडद्यावर आहेत. एकदाही कुणी खुर्ची सोडली नव्हती. पत्र वाचत होते तेव्हा कलाबाई समोर होती. माझं तोंड पाहून म्हणाली, "काय झालं जी? चेलीनं मागं टाकलं का?" ती थट्टा करत होती. मी तिच्यावर ओरडले.

त्यानंतर आठ दिवसांनी तुझा 'ज्ञ' टपालानं आला. मी तो नागपूरला धाडला नाही, तुला परतही पाठवला नाही. तुला कार्ड टाकलं: 'ठिपके पुन्हा रेघांवर पडले आहेत. घाई करतेस.' आणि माझा 'ज्ञ' काढून नागपूरला धाडला.

तुझं उत्तर एका ओळीचं होतं. "बाई, माह्या हातानं होत नाही, तुमचा वेळ काहून घालवू?" ते कार्ड माझ्या पर्समध्येच आहे. मी ते फाडू शकले नाही.

मागच्या महिन्यात नव्यांतल्या बेबीनं पहिला कागद दिला. ठिपके रेघांवर. खरोखरच रेघांवर. तुला लिहिलेलं तेच वाक्य आठवलं आणि मी तो कागद पालथा घातला. बेबी घाबरली, तिला वाटलं फार मोठी चूक झाली. घरी येऊन तुझा 'ज्ञ'चा कागद काढला आणि एकेक घर मोजलं. एकही ठिपका रेघेवर नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो कागद मी मधुकररावांना पाठवला आणि खरं काय झालं तेही कळवलं. त्यांनी मला एक शब्दही लागेल असा लिहिला नाही. एवढंच: "बदलता यावीत म्हणूनच तर ही अक्षरं उघडी ठेवली आहेत. जुन्या फ्लॉप्या अकरा ठिकाणी गेल्या, तिथे रुखमाबाईंचा 'ज्ञ' घालून नव्या पाठवतो."

काल छापील कागद आला. तुझा 'ज्ञ' पाहिला. तुला वाटेल मला बरं वाटलं असेल. नाही गं, मी पुन्हा त्यात खोटच शोधत बसले. म्हणून लिहिते आहे: नव्या बायकांचे कागद माझ्या एकटीच्या हातात असू नयेत. शनिवारी दुपारी एक वाजता तुझी खुर्ची खिडकीपाशी असेल. यावंसं वाटलं नाही तर नको येऊ, मी पुन्हा विचारणार नाही.

नागपूरला पाठवलेल्या कागदाखाली तुझं नाव तुझ्याच अक्षरात तसंच ठेवलं आहे. या पत्राखाली 'तुझी बाई' असं लिहायला मात्र हात होत नाही.

उषा