रंगाखालचा आकडा

दि. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. लेकीच्या दातांना तार बसवली, तेव्हापासून ती हसायची बंद झाली आहे आणि घरात जरा शांतता आहे.

आमच्या मुकादमांचं जहाजावरून पत्र आलं. खलाशांचे मुकादम झाल्यापासून स्वारी हवेत आहे. पुढच्या बंदरात तपासणीवाले चढतील म्हणून कप्तानाने अख्खं जहाज रंगवून घेतलं म्हणे. लाइफबोट दोन आकड्यांवर टांगलेली असते ना, त्यातला मागचा नीट मिटत नाही. तो यांनी तारेने आवळला आणि वरून इतका रंग फासला, की तुझ्या जहाज-तपासनीस दादाने बॅटरी घेऊन महिनाभर शोधलं तरी सापडायचा नाही, असं लिहितात. तुला चिडवायला मुद्दाम कळवते आहे. तपासणीत बोट उतरवून दाखवतात, तेव्हा हे पुढच्या जागेवर बसणार. तिथून ऐट दिसते!

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
छोटी

दि. ११ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं नाही. ती बोट माणसांसकट त्या दोन आकड्यांवर लोंबकळत असते. मागचा सुटला तर ती शेपटीवर उभी राहते आणि आतली माणसं खाली जातात. अशी पडलेली एक बोट मी पाहिली आहे. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नव्हतो, वहिनीला विचार.

हे जहाज माझ्या बंदरात येणार नाही, आणि आलं असतं तरी नात्यामुळे मी त्यावर चढलो नसतो. मेहुण्यांना निरोप धाडावा, तर तो कप्तानाच्या हातून जाणार. उरतं एकच, पुढच्या बंदरातल्या तपासणी कचेरीला कळवायचं. आम्ही बंदरवाले एकमेकांना असं कळवतो, आणि कुणाकडून कळलं ते जहाजावर कधीच सांगत नाही. जहाज तिथे लागायला अजून अवकाश आहे, म्हणून आधी तुझ्या कानावर घालतो.

लेकीला म्हणावं, तारेसकट हसलेलं मामाला चालेल. लोभ करणं तुझ्याकडे, काळजी करणं माझ्याकडे.

दादा

दि. १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कळवू नकोस. तुझ्या पाया पडते. जहाज अडलं की कप्तान आधी रंग फासणाऱ्यांनाच धरेल. कुणी तोंड उघडलं ते शोधून काढेल आणि यांना तिथेच उतरवून देईल. असा शिक्का बसलेल्या माणसाला दुसऱ्या जहाजावर कोण घेतं? साध्या खलाशाचे मुकादम व्हायला त्यांची उमेदीची वर्षं कशी खर्ची पडली, ते तू पाहिलं आहेस. मी गमतीने लिहिलेलं तू कचेरीत नेऊन ठेवणार? म्हणजे नवऱ्याची चुगली मीच केली असं होईल.

लहानपणापासून माझा एक शब्द तू खाली पडू दिला नाहीस. हाही पडू देऊ नकोस.

लोभाचं काय ते तुझ्या उत्तरावर ठरेल.

छोटी

दि. १७ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आधीच कळवून टाकलं होतं, असं लिहून मला सुटता आलं असतं. खरं असं, की पत्र आधी आलं, दोनदा वाचलं, आणि मग मी कळवलं. तुझ्या रागापेक्षा मला त्या आकड्याची भीती जास्त आहे. खुशाल रागाव.

दादा

दि. २ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या बॅटरीची टिंगल आजपासून बंद. इथे तपासणीला एक बाई आल्या. बुटक्या, गळ्यात चष्मा अडकवलेला. कागदपत्रं बाजूला सारून म्हणाल्या, आधी लाइफबोट उतरवा. मी ऐटीत पुढच्या जागेवर जाऊन बसलो. त्यांनी मला बोटाने खाली बोलावलं. कप्तान म्हणाला, आम्ही माणसांसकटच दाखवतो. बाई म्हणाल्या, मी आधी रिकामी बघते. मी कुरकुरत उतरलो, हेल्मेट सीटवरच राहिलं.

बोट कठड्याखाली गेली न गेली तोच तार तुटली. मागची बाजू धाडकन खाली गेली, बोट उभी लोंबकळली, मग पुढचाही आकडा निसटला. पाण्यावर तिचे तुकडे आणि माझं हेल्मेट. दादा, तो रंग माझ्या हातचा होता.

जहाज अडवून ठेवलंय. नवी बोट, नवे आकडे आल्याशिवाय हलायचं नाही. कप्तानाला कंपनीने परत बोलावलं. कुणीतरी आधीच कळवलं होतं अशी कुजबुज आहे. सगळ्यांचा संशय स्वयंपाक्यावर. तो बिचारा नाही नाही म्हणतो, तरी हल्ली त्याला चहा आम्ही करून देतो. मी बाईंचे आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, ज्याचे आहेत त्याला पोहोचवा. तो कोण, देव जाणे. तुम्ही त्याच कामातले, म्हणून तुमच्याकडे धाडतो आहे.

लोभ असू द्या, बॅटरीही जवळ असू द्या.

आपला,
मुकादम

दि. १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. (आज प्रत्येक अक्षर मनापासून.)

जहाज अडलंय तोवर रजा मिळाली, म्हणून हे काल सुखरूप घरी आले. जिना चढताना कठडा धरून चढले. हेल्मेट बरोबर आणलंय, दारामागच्या खिळ्याला टांगलंय. लेक तारेसकट हसली.

जेवताना मी सगळं सांगून टाकलं. माझं पत्र, तुझं कळवणं, माझं 'कळवू नकोस'. हे म्हणाले, म्हणजे त्या स्वयंपाक्याला एवढा चहा उगाच पाजला. आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

आभार मानले की तू चिडतोस, तरी मानते. जन्मभर माझा प्रत्येक शब्द झेललास. एकच खाली पडू दिलास, म्हणून आज मी तीन पानं वाढते आहे.

लोभ होता तसाच राहू दे. आणि पुन्हा कधी मी असं काही मागितलं, तर पुन्हा ऐकू नकोस.

तुझी,
छोटी