हाडामोडीचे कलम

अमरावती, मार्गशीर्ष वद्य ५, शके १७८६
(१८ डिसेंबर १८६४)

चि. केशव यास वामनचे अ. उ. आ.

चार महिने तुला पत्र नाही, याची माफी आधी मागतो. कामाची सबब खरी आहे, पण पुरती खरी नाही.

अमेरिकेतली लढाई संपत नाही तोवर आपल्या कापसाला उसंत नाही. महादेवरावांच्या कारखान्यात रुई दाबून गाठी बांधण्याचे दाब दोनाचे पाच झाले. रोज कोणाचे बोट चेंगरते, कोणाच्या पायावर गाठ पडते. त्यांच्या माणसांना औषधपाणी करण्याचा करार गेल्या वर्षी माझ्या एकट्याच्या नावे झाला. तो आता एकट्याने निभत नाही. म्हणून तुला बरोबरीचा भागीदार करावे, असे मी त्यांना सुचवले. मुंबईच्या डॉक्टरी शाळेत शिकलेला मी आणि हाडे बसवणाऱ्या काकांच्या ओट्यावर शिकलेला तू, दोघांची नावे एकाच ओळीत.

त्यांनी ते मान्य केले, पण एक कलम घालून. हाडामोडीचे काम वामनरावांनीच पाहावे, भागीदाराने त्यास हात लावू नये. म्हणाले की, डाक्टरसाहेब, माह्या हाताले तुमचा हातगुण लागला, तो का भागीदारीत वाटता येते? मी हसलो. मसुदा सोबत आहे. पटल्यास सही करून धाड.

तुझ्या वहिनीने तुमच्यासाठी मागची खोली सारवून ठेवली आहे. मनकर्णेस आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो उणावू देऊ नकोस.

वामन

*

अकोला, मार्गशीर्ष वद्य ११

ती. स्व. दादांचे सेवेसी केशवचा सा. न. वि. वि.

पत्र पावले. माफी कसली मागता? मोठ्या भावाने माफी मागितली की धाकट्याला भलताच संशय येतो! तुमच्या नावाशेजारी माझे नाव, हे वाचून मी मसुदा शेजारच्या नत्थुजींनाही दाखवून आलो. सही करून परत पाठवीत आहे. मनकर्णा म्हणते, पौषात घर हलवायचे नाही. माघ लागला की निघू.

ते कलम मात्र तिला मुळीच रुचले नाही. म्हणाली की, तुमाले येते काय तर हाडं बसोणं, अन् तेच करू नोका म्हंते, मंग तती जाऊन काय माशा मारसान? मी तिला गप्प केले. तुम्ही कबूल केले म्हणजे त्याला कारण असणार. आणि ते कारण मला उमगले आहे, असे वाटते.

मी बसवलेला महादेवरावांचा हात कोपरात वाकडा बसला, आणि तुम्हाला तो पुन्हा बसवावा लागला ना? कामट्या बांधतानाच मला शंका होती. मनकर्णेच्या तापाचा निरोप आला म्हणून दुसऱ्याच दिवशी अकोल्याला निघालो, पुन्हा पाहायला थांबलो नाही. तुम्ही मला वाईट वाटू नये म्हणून वर्षभर बोलला नाहीत. माझ्या चुकीने तुम्हाला खाली पाहावे लागले असेल, त्याची क्षमा असावी. तुमचे पत्र आल्यावर, परवा, बाळापूरहून एक मोडलेली मांडी आली होती. मी हात लावला नाही, दुसरीकडे धाडली.

वहिनींना नमस्कार. माया केली आहे तशीच करीत राहावी.

आपला केशव

*

अमरावती, पौष शुद्ध २

चि. केशव यास अ. आ.

तुझे पत्र चार वेळा वाचले. क्षमेची ओळ मात्र दुसऱ्यांदा वाचवेना.

हात वाकडा बसलाच नव्हता. कालच त्याच हाताने महादेवरावांनी मला विडा दिला. गेल्या वर्षी तो हात दाबाखाली सापडला तेव्हा मी चिखलदऱ्याला थंड हवा खात होतो. तिसऱ्या दिवशी परतलो, तेव्हा तू निघून गेला होतास. मी फक्त तुझी पट्टी सैल करून पुन्हा बांधली. त्याच वेळी त्यांची अफूची गुंगी उतरली आणि त्यांनी मला पाहिले. घरच्यांनी सांगितले की डॉक्टरांच्या माणसाने कामट्या बांधल्या. ते समजले की हे माझ्याच सांगण्यावरून झाले. माझे हात धरून ते रडू लागले. मी तोंड उघडले, ते त्यांना पाणी द्या, एवढेच म्हणायला. आठ दिवसांनी करार झाला.

आणखी एक आहे, जे रोजनिशीतही लिहिले नव्हते. मी इथे असतो तर तो हात कापला असता. असा चेंगरलेला हात कापावा, असेच आम्हाला शिकवले होते. तुला ते कोणी शिकवले नव्हते, म्हणून त्यांचा हात राहिला.

तुला बरोबरीचा भागीदार करतो, हे लिहिताना मला फार उदार वाटत होते. ते कलम ऐकून हसलो, तेव्हाही खरे बोलता आले असते. करार जाईल या भीतीने बोललो नाही. आणि तिकडे तू एक मोडलेली मांडी दुसरीकडे धाडलीस. ती कुठे गेली, कोणाच्या हाती पडली, याची चौकशी कर, आणि जमल्यास आजच बोलावून घे.

तुझ्या सहीचा मसुदा परत पाठवीत आहे. खरे ऐकून महादेवराव काय करतील, ठाऊक नाही. नवा करार होईल, की आहे तोही मोडेल, हे कळेपर्यंत सामान बांधू नकोस. मनकर्णेला हे पत्र वाचून दाखव, काही गाळू नकोस. ती जे बोलेल ते मला तसेच्या तसे कळव.

लोभ असावा, असे शेवटी लिहायची सवय आहे. या खेपेस तो ठेवायचा की नाही, हे तुझ्यावर.

वामन

ता. क. उद्याचे काम: सकाळी कारखान्यात जाऊन, हात केशवने बसवला हे महादेवरावांना सांगणे.