काडेपेटीएवढं सोंग

९ जाने.
मुंबईच्या चित्रकार मॅडम आमच्या गावी, सूर्यमाळला, घरी आल्या. एक यान जायचंय, सूर्यमंडळाच्याही पलीकडे, परत न येणारं. त्यात डबाभर गमतीच्या वस्तू. कुणाचा मातीचा बेडूक, कुणाची लोकरीची भाकरी. हजारो वर्षांनी कुणाला सापडल्या तर सापडल्या. बाबा बोहाड्याचे, आमच्याकडच्या सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे करतात. तसाच एक हवाय, काडेपेटीएवढा.
बाबा म्हणाले, "येवढा? माशीला नाचवायचंय का?"
पण म्हातारा खूश झाला, मला कळतं.

१४ जाने.
जीभ काढलेला वेताळ ठरला. "तिकडं कुणी असंल तर हसंल तरी."
लगदा मीच कुटला, माझ्या अंगणवाडीतल्या जुन्या तक्त्यांचा, कीड लागू नये म्हणून मेथी घालून. रंगही मीच देणार, वीस वर्षं देतेय. बोहाड्यात मुखवटा लावून नाचतात मात्र पुरुषच. जो नाचणार त्याला बाबा समोर बसवतात, दोऱ्याने चेहरा मापतात, मगच मुखवट्याला डोळे पाडतात. संतोषचा, माझ्या भावाचा, दरवर्षी मापतात. तो ठाण्याहून दोन दिवस येतो, पाहुण्यासारखा. माझा एकदाही नाही. लहानपणी हट्टाने समोर बसले होते, तर दंडाला धरून उठवलं. अजून राग येतो. असो.

२१ जाने.
रंग झाला. झकास! पण बाबा डोळे पाडेनात. "चेहरा आणा, डोळे पाडतो."
मॅडमना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, ज्याला सापडेल त्याचा चेहरा.
"त्याला डोळे किती? कुठं असत्यात?"
मला हसू आवरेना.
तसाच पाठवा म्हटलं, तर तेही नाही. "आंधळं सोंग मी घराभाईर काढत नाय."

२५ जाने.
मॅडमचा फोन. परवा डबा बंद. नाहीतर वेताळ राहिला. मी बाबांवर खेकसले, "कुणी नाचवणार नाही तो! कुणाचाही चेहरा घ्या ना!"
बोलून गेले आणि... बाबा जेवले नाहीत.

२६ जाने.
झेंडावंदन करून आले. बाबा ओट्यावर, हातात दोरा. मला म्हणाले, "वंदे, बस."
मला कळलंच नाही. मापायला दुसरं कोण आलंय का म्हणून मागे बघितलं.
हनुवटी धरली. कपाळ ते नाक, डोळा ते डोळा. दोरा तीनदा दुमडला, तेवढ्या मापावर कोळशाने खुणा केल्या, तापल्या सुईने डोळे पाडले. मी रडले नाही, शपथ. गोठ्यात जाऊन रडले.
दुपारच्या जीपने मोखाड्याला जाऊन मॅडमच्या माणसाकडे वेताळ दिला.

२७ जाने.
तिकडे कुणी तो लावलाच, तर माझ्या मापाने बघणार. पोरांना खाऊ वाटताना सारखं हेच डोक्यात. दोनदा मोजायला चुकले.

१८ फेब्रु.
मॅडमचा मेसेज. डबा यानात बसला, पण उड्डाण पुढे ढकललंय. कधी, माहीत नाही.
यंदाच्या बोहाड्याचा मोठा मुखवटा ओट्यावर सुकतोय. विचारलं, संतोषला मापाला कधी बोलावू? "सुकू दे आधी."
माप झालं की बाबा दोरा चुलीत टाकतात. नेहमी. माझा अजून खुंटीला आहे, तीन घड्या पडलेला.