मध्यंतरावर संपलेला चित्रपट

रविवार, ८ ऑक्टोबर २०१७

चित्रपट ‘मध्यंतर’ या पाटीवर संपला आणि मी रडले.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. मराठी चित्रपट डब्लिनमध्ये लागतो तो एकदाच – रविवारी सकाळी, मंडळाने थिएटर भाड्याने घेतलं तर. आज होता ‘परतीची कक्षा’. मराठीत विज्ञानकथा! त्यात शास्त्रज्ञाचं काम करणारे दीनानाथ वेलणकर सध्या डब्लिनजवळच्या नास गावी लेकीकडे, सुलेखाकडे आलेत. ती तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. म्हणून प्रमुख पाहुणे आयतेच मिळाले. शाल, श्रीफळ, अंबरीशचं भाषण. अंबरीश मंडळाचा सेक्रेटरी, आम्ही रेडिओवर मराठीत करतो त्या अर्ध्या तासाचा निर्माता आणि बटाटेवड्यांचा तस्कर. थिएटरात बाहेरचं खाणं चालत नाही, त्यामुळे वडे रेनकोटांच्या खिशातून आत आले.

चित्रपट सुरू झाला तो थेट भांडणात. कोण कुणाचं, काही सांगत नाहीत. शास्त्रज्ञाला यंत्रामुळे स्वतःचं मरण आधीच कळलेलं. तो बायकोपासून ते लपवतो, प्रयोगशाळेला आग लागते, तो मरतो. दीनानाथकाका पांढऱ्या चादरीत, नाकात कापूस. मग नावं वर सरकू लागली. दिवे लागले. आम्ही वडे खाल्ले.

वड्यांनंतर पडद्यावर चित्रपटाचं नाव आलं. आत्ता! आणि मेलेला माणूस भाजी निवडत बसलेला. तो यंत्र जुळवतो, बायको त्याला हसते. शेवटी ती विचारते, “चहा टाकू?” तो म्हणतो, “टाक. वेळ आहे अजून.” यंत्राचा दिवा लागतो, पडदा काळा होतो आणि पाटी येते – मध्यंतर.

कुणी उठेना. मागून एकजण म्हणाला, “तिसरा भाग आहे का हो? माझं पार्किंग संपतंय.”

गिरीश म्हणाला, “भाग उलटे लावलेत.” पण नवरा सकाळच्या खेळाला हमखास घोरतो, आजही घोरला. त्याची साक्ष धरता येत नाही.

स्वरांगी तेरा वर्षांची आहे आणि सगळं जाणते. “आई, इट्स अबाउट टाइम. टाइम गोज बॅकवर्ड्स. इट वॉज ग्रँड.”

मला तिचं पटलं. का पटलं? कारण मी आधीच रडले होते. रडल्यावर माणूस तांत्रिक शंका घेत नाही. हे एका सॉफ्टवेअर टेस्टरने लिहावं! सिटीवेस्टच्या ऑफिसात मला चुका शोधण्याचाच पगार मिळतो.

मंगळवार, १० ऑक्टोबर

रेडिओसाठी परीक्षण लिहिलं. ‘मरणाला मध्यावर ठेवून जगणं शेवटाला नेणारा चित्रपट.’ तीनदा खोडलं, चारदा ठेवलं. फार नटवं आहे का? आहे. राहू दे.

सोबत नवा इंग्रजी रोबोपटही घेतलाय. त्यात सगळं ठिकाणच्या ठिकाणी होतं, पण मी दोनदा फोन बघितला. तसं प्रामाणिकपणे लिहिलं. गिरीश म्हणाला, “दोन्ही चित्रपटांत एकच फरक. एकात नट ओळखीचा आहे.” लागलं. पुन्हा वाचून पाहिलं. नाही, ओळखीमुळे नाही लिहिलं. बहुतेक नाही.

शनिवार, १४ ऑक्टोबर

परीक्षण हवेवर गेलं. अंबरीश काचेपलीकडून अंगठे दाखवत होता. तो दाखवतोच. मी एकदा हवामान वाचलं तेव्हाही दाखवले होते.

सोमवार, १६ ऑक्टोबर

वादळामुळे सगळं बंद. शाळा, ऑफिस, लुआस ट्राम. तिघंही घरात, किचनच्या प्रेसमधली, म्हणजे कपाटातली, सगळी बिस्किटं संपली.

दुपारी सुलेखाचा फोन. “बाबांना बोलायचंय तुझ्याशी. शनिवारपासून जीव खातायत माझा.”

मग दीनानाथकाका. भारदस्त आवाज, शेवटच्या रांगेसाठी लावलेला. “रेवतीबाई, पुण्यात सिनेमा आठवडाभर चालला. पेपरवाल्यांनी लिहिलं, वेलणकर यंत्रापेक्षा यंत्रवत. तुम्ही एकट्या निघालात, ज्यांना कळलं.”

“मला जे दिसलं ते लिहिलं, काका.”

“तेच तर! जे दिसलं ते. त्या मध्यंतराच्या पाटीवर बोललात ना, ते मी दोनदा ऐकलं. सुलेखाने तीनदा ऐकलं.”

पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी मुलाखत ठरली. विषय – विज्ञानकथा आणि अभिनय. फोन ठेवल्यावर घरभर फिरले. गिरीश म्हणाला, “बाहेर कमी वारा आहे.”

बुधवार, १८ ऑक्टोबर

मेले.

मुलाखतीच्या तयारीसाठी दिग्दर्शक गुरुनाथ यांना पुण्याला मेल केली होती. कथासार पाठवा म्हणून. आलं. पहिली ओळ: ‘एका प्रसन्न सकाळी भाजी निवडत असलेले शास्त्रज्ञ...’ शेवटची ओळ: ‘...आणि आगीत त्यांचा अंत होतो.’ मध्ये ठळक अक्षरांत: मध्यंतर.

चित्रपट डिस्कवर दोन भागांत येतो. थिएटरवाल्याने दुसरा आधी लावला. इतकं सोपं. मी त्याला धाडस म्हटलं, रचना म्हटलं, ‘काळाशी मांडलेला डाव’ म्हटलं. कुणीतरी पुस्तक उलटं धरावं आणि मी त्यातल्या अक्षरवळणाचं कौतुक करावं, तसं झालं.

गिरीशने कथासार दोनदा वाचलं आणि फोन अलगद परत दिला. इतकं वाईट तो क्वचितच वागतो. शेवटी मीच म्हटलं, “बोल.”

“मी झोपेतही तुझ्यापेक्षा बरा समीक्षक आहे, एवढंच.”

गुरुवार, १९ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. चकल्या तेलात विरघळल्या. त्यांनाही रचना म्हणावं का?

अंबरीश फराळ द्यायला आला. त्याला सांगितलं. त्याने दार लावून घेतलं, जणू बाहेर आयरिश पोलीस उभे होते.

“कुणाला कळलंय का?”

“मला कळलंय.”

“तू सोडून?”

“गिरीश.”

“मग कुणालाच नाही.” त्याने लाडू उचलला. “हे बघ, लोक खूश. म्हातारा खूश. फोनवर मला म्हणाला, पुण्याला परत जाताना हे एक बरोबर नेतो. तुझ्या एका दुरुस्तीने कुणाचं भलं होणारे?”

“कुणाचंच नाही. पण मी हवेवर खोटं बोलले.”

“खोटं नाही गं. चुकीचं. चुकीचं आपण दर खेपेला बोलतो.”

तो गेल्यावर विचार करत बसले. त्याचं म्हणणं पटतं आणि तेच सहन होत नाही. माझ्याकडे काय आहे? ना नाव, ना पैसा. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास, आणि ऐकणाऱ्यांचा एवढाच भरवसा की ही बाई पाहिल्याशिवाय बोलत नाही. तोही जर पोकळ निघाला तर मी त्या रोबोटासारखीच, आत वायरी. आणि दुसरीकडे एक सत्तरीचा माणूस, ज्याला वाटतंय की कुणाला तरी आपलं काम कळलं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

सांगायचं ठरवलं.

बुधवार, २५ ऑक्टोबर

नाही सांगायचं ठरवलं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

आधी काकांना एकट्याला सांगायचं, मग त्यांनी ठरवायचं. हे बरोबर आहे, की माझं ओझं म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवणं आहे? स्वरांगी म्हणाली, “आई, यू आर ओव्हरथिंकिंग धिस.” चहात साखर घालू की नको, यावरून म्हणाली ते.

शनिवार, २८ ऑक्टोबर

मुलाखत झाली. सगळं लिहिते.

काकांना एकटं गाठता आलं नाही. अंबरीश त्यांना चिकटूनच होता. बाहेरच्या खोलीत मी “काका, एक सांगायचंय” म्हटलं की हा “काका, चहा?” म्हणायचा. तीन चहा पाजले. मुलाखतीत काकांना मधेच उठावं लागलं असतं तर पाप अंबरीशचं.

सुरुवात झक्क झाली. मी विचारलं, विज्ञानकथेत अभिनय वेगळा करावा लागतो का?

“काही नाही हो. यंत्र नंतर कॉम्प्युटरवर येणार म्हणाले. तोवर समोर एक स्टूल, त्यावर हिरवं फडकं. मी पन्नास वर्षं रंगमंचावर न आलेल्या पोस्टमनची वाट बघतोय. मला फडक्याचं काय!”

“भविष्यातली माणसं नेहमी करडे कपडे का घालतात?”

“रंग जाण्याची भीती नाही. भविष्यातसुद्धा धुवायला बाईच असणार, असं लिहिणाऱ्या पुरुषांना वाटतं.”

काचेपलीकडे अंबरीशचे दोन्ही अंगठे वर.

“भविष्य दाखवणारं यंत्र खरंच मिळालं तर?”

“विकून टाकीन. या वयात पुढचं ठाऊकच असतं. मला मागचं दाखवणारं द्या. त्यात बरी माणसं आहेत.”

हे म्हणताना ते हसले नाहीत. पुढचा प्रश्न माझ्याच परीक्षणावर होता. तो मी विचारला असता तर खोटं दुसऱ्यांदा बोलले असते, तेही त्यांच्या डोळ्यांत बघून. मी कागद पालथा घातला.

म्हटलं, “काका, श्रोतेहो, एक दुरुस्ती. त्या रविवारी थिएटरच्या चुकीने चित्रपटाचे भाग उलटे लागले. मूळ चित्रपटात शास्त्रज्ञ शेवटी मरतात. मी ज्याचं कौतुक केलं ती रचना दिग्दर्शकाची नव्हती. चूक ओळखायला हवी होती. मी ओळखली नाही. माफी मागते.”

अंगठे खाली गेले.

काकांनी माइक जवळ ओढून घेतला. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, “बाई, विज्ञानकथेत आधी काय, नंतर काय, असं विचारू नये. यंत्र रुसतं.” आणि दुसरंच बोलायला लागले. मला सावरून घेतलं त्यांनी, नाटकात समोरचा वाक्य विसरला की घेतात तसं.

निघताना खांद्यावर हात ठेवला. “प्रामाणिक आहात. फार प्रामाणिक आहात.” दुसऱ्यांदा म्हणाले ते कौतुक नव्हतं.

संध्याकाळी सुलेखाचा मेसेज: “ड्यूटीवर जाताना गाडीत ऐकलं. गाडी बाजूला घेतली. मला वाटलं होतं, बाबा सिनेमात शेवटी वाचतात.”

‘सॉरी’ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पाठवलं.

रविवार, २९ ऑक्टोबर

घड्याळं एक तास मागे केली. गिरीश म्हणाला, “बघ, टाइम गोज बॅकवर्ड्स. या देशात वर्षातून एकदा होतं.” मी हसले नाही, म्हणून तो एकटा मटार सोलत बसला. बिचारा.

सुलेखाचं वाक्य डोक्यातून जात नाही. काका मंगळवारी पुण्याला परत चाललेत. आज तिच्या घरी बॅगा भरत असतील, आणि मी त्या बॅगांच्या शेजारी एक प्रेत ठेवून आले. खरं बोलून. मला आता खरं बोलल्याचा अभिमान वाटायला हवा होता ना? तो कुठे आहे, ते शोधतेय.

आणखी एक सुचलं. मी हवेवर ‘थिएटरच्या चुकीने’ म्हटलं. ते कुणाला विचारून म्हटलं? कुणालाच नाही. पाहिल्याशिवाय बोलत नाही ती बाई! प्रोजेक्टर चालवणाऱ्या माणसाचं नावही मला माहीत नाही. उद्या सुट्टीच आहे, जाऊन त्याची माफी मागणार.

सोमवार, ३० ऑक्टोबर

त्याचं नाव डेक्लन. माफी ऐकून घेतली आणि गोंधळला. म्हणाला, चूक कसली? डिस्कवर एक-दोन असं स्वच्छ लिहिलं होतं. पण खेळाआधी ‘युवर मॅन’, म्हणजे ते सिनेमातले म्हातारे गृहस्थ, स्वतः वर आले. म्हणाले, दोन आधी लाव, एक नंतर. “माझी मुलगी खाली बसली आहे. महिनाअखेरीस मी परत जाणार. मला मेलेलं बघून तिने घरी जायला नको.”

पुढच्या कार्यक्रमात हवेवर सांगणार: माझी दुरुस्ती चुकीची होती. त्या सकाळी चित्रपट अगदी तसाच दाखवायचा होता. कुणी विचारलं कशावरून, तर सांगणार नाही. सुलेखाला मात्र आत्ताच फोन करून सगळं सांगते. विमान उद्या आहे.