उरलेल्या आठ कुप्या

बिश्केक, ११ नोव्हेंबर

प्रिय बुरुलकान एजे,

सलाम. गुडघा कसा आहे? तुम्ही पाठवलेला कुरूत, सुकवलेल्या खारट दह्याचा, पोचला. प्रयोगशाळेत बरणी उघडी ठेवायची चूक केली, दोन दिवसांत निम्मी रिकामी. आमचे मोठे डॉक्टर "मला मीठ वर्ज्य आहे" म्हणत म्हणत अकरा गोळे चघळून गेले. आई बरी आहे. माझ्या लग्नावरून डोकं खाते, म्हणजे बरीच आहे.

तुमच्या एसेनकुल अकेंना जाऊन वर्ष होतंय, त्या जेवणाचं बोलावणं मिळालं. घोडा कापणार आहात, सगळं मिन-कुश गाव जेवायला येणार आहे, आणि मी तुमच्या उजव्या हाताला बसायचं, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी पत्राची घडी करून ठेवली, त्याला आठवडा झाला. फोन करणार होते. पण तुमचा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलत बसेन, म्हणून लिहिते.

आधी कामाचं सांगते. तुम्ही मागे विचारलं होतंत, "पोरी, तू दिवसभर करतेस तरी काय?" मी हसण्यावारी नेलं. तुम्ही तीस वर्षं बेकरीत पाव भाजलेत, तुम्हाला सहज कळेल. आपल्या एकेका पेशीत लाखो बारीक भट्ट्या असतात. त्यांत पावाऐवजी प्रथिनं तयार होतात. भट्टीवर राखणदार असतात. खायला कमी पडलं, काही बिघडलं, की ते भट्ट्या मंद करतात. अकेंना झालेल्या फुप्फुसाच्या रोगात राखणदारांचे हात बांधले जातात. भट्ट्या धडधडत राहतात आणि गाठ वाढत जाते.

अकेंची गाठ त्या गोळ्यांनी आधी आकसली होती, आठवतं? तुम्ही कणकेचे बोरसोक तळून सगळ्या वॉर्डाला वाटले होते. पाच महिन्यांनी ती परत वाढली. का वाढली, ते आता थोडं कळलंय. गोळ्यांनी एक दार बंद केलं, तर पेशींनी भट्ट्यांचा जोर वाढवून दुसरीकडून निभावून नेलं. मग प्रयोगात आम्ही भट्ट्यांनाच आवर घालणारं द्रव्य पेशींवर घातलं. चार दिवसांत त्या पेशी मेल्या. निरोगी पेशी नुसत्या मंदावल्या आणि मग पुन्हा कामाला लागल्या.

माणसाला देण्यासारखं औषध व्हायला किती वर्षं लागतील, माहीत नाही. कदाचित होणारही नाही. काचेच्या बशीत जमलेलं पुष्कळदा बशीतच राहतं.

एजे, आता तुम्ही विचाराल, या पेशी कुणाच्या?

अकेंच्या चाळिसाव्या दिवसानंतर तुम्ही प्रयोगशाळेत आला होतात. ओला कोट न काढता दारातच उभ्या राहून म्हणालात, "त्यांचं जे काही तुमच्याकडे असेल ते द्या. माणूस मातीत पुरा जायला हवा." मी मेणात बसवलेले गाठीचे तुकडे आणि काचपट्ट्या डब्यात घालून दिल्या. तुम्ही विचारलंत, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तुम्ही माझ्या कपाळाचा मुका घेतलात.

एवढंच नव्हतं. शेजारच्या खोलीत, गोठवायच्या टाकीत अकेंच्या गाठीतल्या जिवंत पेशींच्या आठ कुप्या होत्या. प्रयोग अर्ध्यावर होता. पेशी वापरायला अकेंनी स्वतः सही दिली होती, आणि वर म्हणाले होते, "न्या, न्या! दोन वर्षं त्या हरामखोरानं माझं फुकट खाल्लंय, लावा त्याला कामाला." कागदावर मी चुकले नव्हते. तुमच्यासमोर चुकले.

त्या पेशी अजून वाढताहेत. तुम्ही म्हणाल तर सगळ्या घेऊन येते, प्रयोग थांबवते. म्हणाल तर येतही नाही. पण पोटात खोटं ठेवून तुमच्या ताटातला घास मला गिळवणार नाही.

तुमची, असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
मेरीम


मिन-कुश, २३ नोव्हेंबर

मेरीम,

तुझं पत्र आधी चुलीत घातलं. कोपरा पेटला तेव्हा बाहेर ओढलं. मग तीन दिवस मनातल्या मनात तुला जे बोलले ते लिहीत नाही, कागद लाजेल.

सहीचं मला माहीत होतं. घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं होतं त्यांनी. पण मी त्या डब्यावर माती लोटली आणि म्हटलं, झालं, आता तुम्ही पुरे झालात. ते गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मला झोप लागली. ती झोप तू मला खोटं बोलून दिलीस. ते मला लागलं.

मशिदीतल्या मोल्दोकडे गेले. ते म्हणाले, "शरीराचा भाग आहे. पुरा." मी म्हटलं, "पण पोरगी लिहिते की त्या जिवंत आहेत, वाढताहेत." त्यांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "बाई, जिवंताला कसं पुरणार?" आणि मग म्हणाले, "चहा घे." शहाणा माणूस आहे.

वाटेत विचार करत आले. तुझ्याकडे जे आहे ते माझा नवरा, की त्याला खाणारा रोग? मग म्हटलं, मेंढरू उधळलं, चार जणांची शेतं खाऊन आलं, म्हणून त्याच्या कानावरची आपली खूण पुसली जाते का? वाया गेलेलं असलं तरी त्यांचंच आहे.

तेव्हा जेवायला ये. पण मानाच्या जागेवर बसवणार नाही. सकाळपासून माझ्याबरोबर कणीक मळशील, आणि मी चारचौघांत तुला बोलेन ते खाली मान घालून ऐकशील. परक्याच्या पोरीला कुणी असं बोलत नाही, एवढं गावाला कळतं.

जिवंत आहेत त्या तुझ्याकडेच राहू देत. त्यांच्या भट्ट्या कशा विझवायच्या, ते नीट शिकून घे. इथल्या खाणीत ह्यांच्याबरोबर काम केलेले चौघे अजून आहेत, आणि भिंतीपलीकडून मला त्यांतल्या एकाचा खोकला ऐकू येतो.

पण तुझ्या औषधानं ज्या मेल्या, त्यांचं काय केलंस? टाकून दिल्यास? यापुढे टाकायच्या नाहीत. असतील तेवढ्या गोळा करून आण. ह्यांच्या थडग्यापाशी, पायाकडे, जागा आहे. जमीन गोठली आहे, पण कुदळीनं फोडू. पुढच्या वर्षी मरतील त्या पुढच्या वर्षी आण. मी नसले तरी येत जा. बाजूचं थडगं माझंच असेल, विचारावं लागणार नाही.

आणि एक. त्यांचे शेवटचे तीन दिवस मी पाहिलेत. या पेशी मरतात तेव्हा यांना काही कळतं का, दुखतं का, तेवढं आल्या आल्या मला सांग. खरं असेल ते सांग. मी ऐकू शकते.

तुझी, अजून रागावलेली,
बुरुलकान