अहवाल कोणत्या टेबलावर आहे?

चि. धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे गुडघे सोडले तर बाकी सगळं ठीक. तुझी खुशाली शेजारणीच्या लेकीकडून कळते, कारण तू अकरा वर्षांत चार ओळी टाकल्या नाहीस. (रागावून लिहीत नाही. शाई नवी आहे, म्हणून गडद दिसते.)

पेपरात आलं, होडी बुडाली त्या चौकशीचा अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला. मी जन्मभर सरकारी छापखान्यात असले अहवाल शिवले, वाचायलाही तिथल्या रद्दीवरच शिकलो, पण ते पुढे कुठे जातात हे कधी विचारलं नाही. पटल म्हणजे टेबल, एवढं ठाऊक. म्हटलं, ठेवलाय तर जाऊन बघावा. तुझे यजमान, आमचे मेहुणे, पिऊन होडी हाकत होते असं लोक म्हणत आले, त्याचा एकदाचा निकाल लागेल. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. दारावरच्या शिपायाला विचारलं, "टेबल कुठेय?" त्याने आत हाक मारली, "अरे, ते फर्निचरवाले आलेत बघ!" पुढचा तासभर मी सुतार होतो. (एका डुगडुगत्या खुर्चीला पाचरही मारून दिली.) शेवटी एका कारकून बाईंना दया आली. म्हणाल्या, "बाबा, पटलावर ठेवला म्हणजे सभागृहात सादर केला. वाचायला ग्रंथालयात मिळेल."

मिळाला. चारशे पानं, शिलाई ढिली, डिंक भरमसाट. पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे माझ्याआधी कुणी तो उघडलाच नव्हता. नखाने एकेक पान सोडवत गेलो. पान तीनशे बारा: 'नावाड्याने मद्यप्राशन केल्याचा पुरावा नाही. होडीचा तळ कुजल्याचे त्याने तीन वेळा लेखी कळविले होते.' धाकटे, तीन वेळा! एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या वाट्याला दोन ओळी. त्याही उतरवून घेताना माझ्या हाताने दोनदा बिघडवल्या.

तुझा,
दादा

ता. क. उतारा सोबत जोडला आहे. धक्क्यावर कुणी तोंड उघडलं तर नाकासमोर धर.

आणखी एक ता. क. उतारा जोडलेला नाही, पाकिटात शोधू नकोस. धक्क्यावर ते पहिल्यांदा बोललं कोण, हे तुला माहीत आहे. मेहुण्यांना पाण्यातून काढून ठेवलं होतं आणि शेजारी उभा राहून मीच म्हणालो, "घेतली असेल थोडी." तू मागेच होतीस. त्या दोन ओळी मला तुझ्यासमोर, चारचौघांत, मोठ्याने वाचायच्या आहेत. येऊ का?