मीटरवरचं शून्य

मंगळवार, संध्याकाळ. उमेळे.

दोन्ही हात शाबूत आहेत.

दुपारी वाडीतला पंप बंद पडला. मी स्विच बंद केला, वीज मोजायचा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला आणि पंपाच्या तारांना लावला. शून्य. तारा सोडवायला वाकलो, तेवढ्यात सुनीता म्हणाली, "अहो, मीटर बरोबर दाखवतोय कशावरून?"

चिडलोच मी. तीस वर्षं पंप मी उघडतोय, ही मोगरा विकते! पण फुलं तोलण्याआधी ती रोज काट्यावर किलोचं वजन ठेवून बघते. "घरातल्या प्लगमध्ये लावून या आधी." तिचं तोंड बंद व्हावं म्हणून गेलो. डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि प्लगमध्येही शून्य!

मीटरची लाल वायर आतून तुटलेली. दुसरी लावली, प्लगमध्ये दोनशे तीस आले. तसाच पंपाशी आलो, तिथेही दोनशे तीस. स्विच बंद होता, पण आतली पट्टी चिकटूनच राहिली होती. म्हणजे मघाचं ते शून्य... नकोच तो विचार.

मग घरातून पंपाचा फ्यूजच काढला. तारांवर शून्य. पुन्हा प्लगमध्ये बघितलं, दोनशे तीस. तेव्हा कुठे त्या शून्यावर विश्वास बसला.

जेवताना ती एवढंच म्हणाली, "माझा काटा चुकला तर पावशेर मोगरा जातो." मी मान खाली घालून भाकरी मोडली. आज मुद्दाम दोन्ही हातांनी.